ग्रँट मेडिकल कॉलेजचे पहिले विद्यार्थी

इ. स. १८४५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या पहिल्या तारखेस मुंबईंत भायखळ्यास एका नव्या इमारतींत थोडेसे तरुण वर्गांत येऊन बसले. इमारत गेल्याच महिन्यांत पुरी झाली होती. भिंतींच्या चुन्याचा वास पुरता गेलाहि नसेल. शेजारीं सर जमशेटजी जिजीभाई यांच्या नांवाचें इस्पितळ त्याच वर्षीं मे महिन्यांत उघडलें होतें. तेव्हांच्या मुंबईंत आगगाडी नव्हती. ती १८५३ त ठाण्यापर्यंत धांवूं लागली. विहारचें पाणी नळानें येत नव्हतें. लोक विहिरींचें व तळ्यांचें पाणी पीत. गिरगांवाकडून किंवा कोटांतून भायखळ्यास जावयाचें तर पायीं जावें, किंवा ऐपत असेल त्यानें गाडी करावी. या तरुणांस तेथें जें शिकावयाचें होतें तें त्यांच्या बापजाद्यांत कोणीं शिकलेलें नव्हतें, आणि तें शिकून बाहेर पडल्यावर पोट भरेल कीं नाहीं हें त्यांना सांगूं शकेल असा एकहि मनुष्य त्या शहरांत नव्हता.

असा प्रयोग मुंबईंत पूर्वीं एकदां होऊन फसलेला होता. १८२६ त सरकारनें डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या हाताखालीं एतद्देशीयांसाठीं एक वैद्यकशाळा काढली. तेथें शिक्षण देशी भाषांतून देत. मॅक्लेनन यांनीं त्यासाठीं इंग्रजी वैद्यकग्रंथांचीं भाषांतरें मोठ्या खटपटीनें सिद्ध केलीं. मराठींत धड व्याकरण नाहीं, मोल्स्वर्थचा कोश अजून छापून निघावयाचा, अशा काळीं शरीरशास्त्राला मराठी शब्द शोधीत बसणाऱ्या या गृहस्थाच्या चिकाटीचें कौतुकच केलें पाहिजे. परंतु १८३२ त सरकारनें ती शाळा निष्फळ ठरवून बंद केली. एखादी शाळा बंद पडली म्हणजे तिचे विद्यार्थी तेवढे पांगतात असें नव्हे. पुढें कोणीं दुसरी शाळा काढूं म्हटलें कीं, पहिलीचें नांव पुढें करावयास वरिष्ठ मंडळी मोकळी होते. येथें तेंच झालें.

१८३५ त सर रॉबर्ट ग्रँट हे मुंबईचे गव्हर्नर होऊन आले. ख्रिस्ती उपासनागीतें रचणारे म्हणून विलायतेंत त्यांची ख्याति होती. मुंबईला मात्र ते स्मरतात ते या कॉलेजामुळें. त्यांच्या पदरीं डॉ. चार्ल्स मोरहेड नांवाचा एक तरुण डॉक्टर होता. ग्रँट यांनीं वैद्यकशिक्षणाची गोष्ट काढतांच मेडिकल बोर्डानें जुन्या शाळेच्या अपयशाकडे बोट दाखविलें. तेव्हां मोरहेड व त्यांच्या वैद्यकमंडळानें एक निराळीच वाट धरली. या देशांत वैद्य व हकीम म्हणून काम करणारे कोण आहेत, ते कोठें शिकले, कोणते ग्रंथ वाचतात, रोग्यास काय देतात, याची त्यांनीं प्रश्न पाठवून चौकशी मांडली. सरकारी कामांत अगोदर मत ठरते आणि मागून माहिती गोळा होते, हा नेहमींचा क्रम येथें उलटा झाला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

ग्रँट यांना हें काम पुरें झालेलें पाहावयास मिळालें नाहीं. १८३८ च्या जुलईंत पुण्याजवळ दापोडीस त्यांचा अंत झाला. मुंबईच्या लोकांनीं सभा भरवून वर्गणी जमविली आणि स्मारक म्हणून पुतळा न उभारतां त्यांच्या मनांतलें विद्यालय उभारावें असें ठरविलें. लोकांच्या पैशांत कंपनी सरकारनें आपली भर घातली. इस्पितळासाठीं जमशेटजींनीं एक लाख रुपये देऊं केले. तरी पाया घालावयास १८४३ साल उजाडलें, आणि वर्ग भरावयास आणखी अडीच वर्षें गेलीं.

इकडे कलकत्त्यानें मुंबईस दहा वर्षांनीं मागें टाकलें होतें. तेथें १८३५ त मेडिकल कॉलेज निघालें होतें, आणि ज्या १८४५ सालीं भायखळ्यास पहिला तास झाला त्याच सालीं तेथील चार बंगाली विद्यार्थी डॉ. गुडीव्ह यांच्याबरोबर समुद्र ओलांडून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत शिकण्यास गेले. त्यांपैकीं सूर्यकुमार चक्रवर्ती यांनीं पुढें १८५५ त लंडनच्या स्पर्धापरीक्षेंत उतरून कंपनीच्या वैद्यकखात्यांत सनदी जागा मिळविली. ती मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ.

भायखळ्याच्या पहिल्या वर्गांत कोण होते? बहुतेक हिंदु तरुण एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें इंग्रजी शिकलेले. कांहीं पारशी होते, आणि कांहीं गोव्याकडचे ख्रिस्ती. गोव्यांत पोर्तुगीज सरकारनें १८४२ तच वैद्यकशाळा काढलेली असतां हे तरुण मुंबईस आले, यावरून त्या काळीं इंग्रजी विद्येचें आकर्षण किती होतें तें दिसतें. वर्गांतला सर्वांत नांवाजलेला विद्यार्थीहि मूळचा गोव्याचाच. रामकृष्ण विठ्ठल लाड हें त्याचें खरें नांव. लोक त्याला भाऊ दाजी म्हणत आणि इतिहासहि तेंच म्हणतो. पेडण्याच्या बाजूच्या मांद्रें गांवचें हें घराणें मुंबईस आलें. लहानपणीं भाऊ बुद्धिबळांत इतके तरबेज होते कीं, गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनीं त्यांचा खेळ पाहून मुलाला इंग्रजी शिकवा असें वडिलांस सुचविलें, असें सांगतात. वैद्यकाच्या वर्गांत येण्यापूर्वींच ते एल्फिन्स्टनमध्यें शिक्षक झाले होते, आणि काठेवाड व कच्छ प्रांतांतील बालकन्याहत्येवर निबंध लिहून त्यांनीं ६०० रुपयांचें बक्षीस मिळविलें होतें. म्हणजे ज्या मनुष्यानें खडू हातीं घेऊन दुसऱ्यांस शिकवावें तो पुन्हां बाकावर जाऊन बसला. मास्तरकीची बरी जागा सोडून विशी ओलांडलेल्या वयांत पांच वर्षांच्या अभ्यासाला हात घालणें हें त्या काळच्या कुटुंबवत्सल समाजांत थोडें साहस नव्हतें. भाऊंचे सहाध्यायी आत्माराम पांडुरंग हे व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे धाकटे बंधु. त्यांच्या घरीं विद्येचें वातावरण होतें. अनंत चंद्रोबा, सॅबॅस्टियन कार्व्हालो, जोझे कामिलो लिस्बोआ हींहि त्या वर्गांतलीं नांवें.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें आधीं साधारण विद्या किती शिकावी, हा वाद अजून मिटलेला नाहीं. भारतांत आज बारावीची पायरी चढली कीं मुलगा एकदम वैद्यकांत जातो. अमेरिकेंत बहुधा आधीं पदवी आणि मागून चार वर्षें वैद्यक अशी रीत आहे. कांहीं विश्वविद्यालयांनीं मात्र दोहोंची वेणी घालून सहा, सात किंवा आठ वर्षांचा एकच जोडअभ्यासक्रम केला आहे, म्हणजे मुलगा साहित्य-शास्त्र शिकतां शिकतांच रोग्याच्या खाटेपाशीं उभा राहतो. मुंबईस १८४५ त हा प्रश्न निराळ्या रूपानें पुढें आला. विश्वविद्यालय नव्हतें, तें १८५७ त निघालें. तेव्हां पदवी घेऊन या असें कोणास सांगण्याची सोयच नव्हती. शाळेंत रसायन किंवा वनस्पतिशास्त्र पुरेसें शिकून आलेला मुलगा सांपडणें कठीण. म्हणून कॉलेजनें सर्वच आपल्या अंगावर घेतलें. प्राध्यापक तीन. स्वतः मोरहेड प्रिन्सिपाल असून वैद्यक शिकवीत. जॉन पीट यांच्याकडे शारीर आणि शस्त्रक्रिया. हर्बर्ट जिरॉड यांच्याकडे रसायन, वनस्पति आणि औषधिविज्ञान. सृष्टिज्ञानाचा ओनामा आणि शल्यतंत्राचा कळस एकाच छपराखालीं, त्याच तीन माणसांकडून, त्याच मूठभर मुलांनीं शिकावयाचा. शिक्षकाला प्रत्येक मुलाचें अक्षर ओळखतां येईल इतका लहान वर्ग असला म्हणजे काय साधतें, हें ज्यांनीं साठ-साठ मुलांचे वर्ग हांकले आहेत त्यांनाच कळेल.

खरी कसोटी शवच्छेदनाच्या खोलींत होती. या बाबतींत कलकत्त्यास वाट पाडून ठेवलेली होती. तेथें १८३६ त पंडित मधुसूदन गुप्त यांनीं चार विद्यार्थ्यांसह प्रेतावर शस्त्र चालविलें. त्या प्रसंगीं किल्ल्यावरून तोफा झडल्या अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, ती लोकांनीं रचावी व जपावी यांतच त्या कृत्याचें वजन कळतें. मधुसूदन स्वतः जुन्या परंपरेंतले वैद्य होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत प्रेत गवताच्या वेष्टनांत गुंडाळून, पिंजऱ्यांत घालून वाहत्या पाण्यांत सात रात्री ठेवावें आणि मग वाळा किंवा वेळू यांच्या कुंच्यानें हळूहळू घासून एकेक थर डोळ्यांनीं पाहावा असें स्पष्ट सांगितलें आहे. ज्या विद्येचा धर्मशास्त्राला विटाळ व्हावा ती विद्या याच देशाच्या ग्रंथांत लिहून ठेवलेली होती. मधल्या शतकांत तिची पोथी उरली आणि हात गेला.

तरी ग्रंथांतला आधार घरच्या ओटीवर फारसा उपयोगी पडत नाहीं. प्रेताला शिवून आलेल्या मनुष्यानें स्नान केल्यावांचून उंबरा ओलांडूं नये हा नियम ज्या घरांत आजीच्या नजरेखालीं पाळला जाई, त्या घरांतला मुलगा आतां रोज उठून प्रेताला शिवण्यासाठींच बाहेर पडणार होता. पारशांची अडचण हिंदूंच्याहून कमी होती असेंहि नाहीं. त्यांच्या धर्मांत प्रेताचा विटाळ फार कडक मानतात आणि प्रेत हाताळणारे लोकच वेगळे असतात. या बाबतींत ख्रिस्ती विद्यार्थी तेवढे मोकळे. हे सर्व एका मेजाभोंवतीं उभे राहत आणि एकाच चिमट्यानें एकच शीर उचलून पाहत. मुंबईंत त्या काळीं भिन्न जातींचे तरुण व्यापाराच्या पेढीवर एकत्र येत, शाळेच्या बाकावर एकत्र बसत. पण इतक्या जवळ, आणि अशा वस्तूभोंवतीं, ते पूर्वीं कोठें आले असतील असें वाटत नाहीं.

यांत जिवाचाहि धोका होता, आणि तो विटाळाहून मोठा होता. फॉर्मॅलिननें शव टिकविण्याची युक्ति १८९३ नंतरची. रबरी हातमोजे त्याच सुमारास येऊं लागले. मुंबईच्या हवेंत प्रेत टिकणार किती? काम घाईनें उरकावयाचें, उघड्या हातांनीं करावयाचें, आणि दिवसाच्या उजेडांतच करावयाचें. सुरी बोटाला लागली तर पुढें काय होतें हें याच मुलांच्या शिक्षणकाळांत, १८४७ च्या मार्च महिन्यांत, दूर व्हिएन्नास दिसून आलें. कोलेच्का नांवाच्या अध्यापकाला शवपरीक्षा करतांना विद्यार्थ्याच्या सुरीचें टोक लागलें आणि रक्तदोष होऊन तो थोड्याच दिवसांत मेला. त्याच्या मित्रानें, सेमेलवाइसनें, त्यावरून ओळखलें कीं प्रेताच्या खोलींतून न धुतलेल्या हातांनीं प्रसूतिगृहांत जाणारे डॉक्टरच बाळंतिणींना मारीत आहेत. त्याचें म्हणणें युरोपांतल्याच पंडितांनीं पुष्कळ वर्षें मानलें नाहीं. तेव्हां घरीं आल्याबरोबर मुलास विहिरीवर अंघोळीस धाडणाऱ्या मुंबईच्या आजीबाईंचा आग्रह त्या काळच्या शास्त्रापेक्षां एक पाऊल पुढें होता असें म्हटलें, तर तें अगदींच थट्टेवारी नेण्यासारखें नाहीं.

शवच्छेदनानें मुलांची भीति मोडली. त्यांना डॉक्टर केलें तें मोरहेड यांच्या वॉर्डानें. मोरहेड एडिंबरोस शिकले, आणि तेथून पॅरिसला जाऊन लुई नांवाच्या प्रसिद्ध वैद्याच्या हाताखालीं राहिले. लुईचा बाणा असा कीं, मोठमोठ्या उपपत्ति बाजूस ठेवा आणि रोगी मोजा. किती जणांस रक्त काढल्यानें बरें वाटलें, किती जणांस न काढतां बरें वाटलें, याची त्यानें यादी धरली आणि न्युमोनियांत रक्त काढण्याचा उपयोग लोक समजतात तितका नाहीं असें दाखविलें. ही शिस्त मोरहेड यांनीं भायखळ्यास आणली. विद्यार्थ्यानें रोग्याच्या खाटेजवळ उभें राहावें, त्याची हकीकत विचारावी, छातीला नळी लावून ऐकावें, रोजच्या रोज टिपण ठेवावें. रोगी दगावला तर प्रेत उघडून आपलें निदान खरें होतें कीं खोटें तें पाहावें. शेवटच्या पायरीवर विद्यार्थ्याची आणि गुरूचीहि चूक सर्वांसमक्ष उघडी पडे. गुरूनें आपलें चुकलेलें वर्गापुढें कबूल करावें, ही पद्धति आपल्याकडच्या जुन्या पाठशाळांत नव्हती, आणि खरें सांगावयाचें तर नव्या शाळांतहि ती फारशी रुजलेली नाहीं. मोरहेड यांनीं १८५६ त हिंदुस्थानांतील रोगांवर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अशाच वर्षानुवर्षांच्या खाटेजवळच्या नोंदींवर उभा आहे.

त्या वॉर्डांत येणारे रोग म्हणजे ताप, आंव, पटकी, देवी, क्षय. तापावर क्विनीन होतें आणि तें चाले. पटकीपुढें मात्र गुरु आणि शिष्य दोघेहि हतबल. ती पाण्यांतून पसरते हें जॉन स्नो यानें १८४९ त लंडनांत लिहिलें, पण जगानें तें लगेच ऐकलें नाहीं; जंतूंची ओळख तर पुढच्या पिढीची. दूषित हवा हेंच कारण वर्गांत शिकवीत आणि मुलें तेंच लिहून घेत. पांच वर्षें झिजून मिळविलेल्या विद्येंतली बरीचशी पुढल्या तीस वर्षांत खोटी ठरावयाची होती, आणि याची कल्पना शिकविणारासहि नव्हती आणि शिकणारासहि नव्हती.

शस्त्रक्रियेच्या बाबतींत तर या तुकडीनें दोन युगें पाहिलीं. नोव्हेंबर १८४५ त वर्ग सुरू झाला तेव्हां पाय कापावयाचा तर रोग्यास चार माणसांनीं दाबून धरावें आणि शस्त्रवैद्यानें जितक्या लवकर होईल तितक्या लवकर करवत फिरवावी, याशिवाय दुसरा उपाय जगांत कोठेंच नव्हता. पुढच्याच वर्षीं ऑक्टोबरांत अमेरिकेंतल्या बोस्टन शहरीं ईथर हुंगवून वेदनेवांचून शस्त्रक्रिया झाली. १८४७ च्या मार्चांत कलकत्त्यास ईथर वापरलें गेलें. त्याच वर्षाच्या अखेरीस एडिंबरोच्या सिम्सन यांनीं क्लोरोफॉर्म पुढें आणलें. अर्धा अभ्यासक्रम झाला नाहीं तोंच किंकाळ्यांची ती खोली शांत झाली. जे तरुण ती किंकाळी ऐकूनहि टिकले होते त्यांना ही शांतता कशी वाटली असेल, याची कल्पनाच करावी.

आणखी एक ओझें या मुलांच्या डोक्यावर होतें, तें भाषेचें. मॅक्लेननच्या शाळेचें अपयश देशी भाषेच्या माथीं मारून नव्या कॉलेजांत सर्व शिक्षण इंग्रजींतून ठेवलें होतें. याच वर्षांत मुंबईच्या शिक्षणमंडळींत सर अर्स्किन पेरी यांचा पक्ष इंग्रजीसाठीं आणि कर्नल जर्व्हिस व नाना शंकरशेट यांचा पक्ष मातृभाषेसाठीं जोरानें भांडत होता. विद्यार्थ्यांची अवस्था दोघांच्याहि बाहेरची होती. व्याख्यान इंग्रजी, हाडांचीं नांवें लॅटिन, आणि खाटेवरचा रोगी मराठींत, कोंकणींत, गुजराथींत किंवा हिंदुस्थानींत कण्हणारा. पोटांत कळ येते, मुरडा येतो, भडभडतें, कसकस वाटते, हें सर्व इंग्रजींत प्राध्यापकांस सांगावयाचें आणि प्राध्यापकांचा प्रश्न पुन्हां रोग्याच्या बोलींत विचारावयाचा. साहेब डॉक्टराला जो रोगी आपलें खरें दुखणें कधीं सांगता ना, तो या मुलांजवळ बोले. कॉलेजचा सर्वांत मोठा उपयोग कोणता झाला असेल तर हाच, असें मानावयास हरकत नाहीं.

अभ्यासाचा भार इतका असूनहि हे विद्यार्थी चार भिंतींत कोंडून राहिले नाहींत. १८४८ त एल्फिन्स्टनच्या मंडळींनीं विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्र सभा काढली आणि पुढच्या वर्षीं मुलींच्या शाळा उघडल्या; या कार्यांत भाऊ दाजी पुढें होते आणि कालांतरानें ते त्या सभेचे अध्यक्षहि झाले. पैशाची बाजू शिष्यवृत्त्यांनीं कशीबशी संभाळली जाई. जेम्स फॅरिश यांच्या नांवाची शिष्यवृत्ति त्यांपैकीं एक. पण इंग्रजी येणाऱ्या तरुणास तेव्हां कचेरींत कारकुनाची जागा सहज मिळे, आणि पांच वर्षें शिष्यवृत्तीवर काढणाऱ्या मुलाला घरचीं माणसें काय म्हणत असतील हें सांगावयास इतिहासाचे दप्तर चाळावें लागत नाहीं.

१८५१ त पहिली परीक्षा झाली आणि आठ जण उतरले. त्यांत भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग आणि अनंत चंद्रोबा होते. विश्वविद्यालय नसल्यामुळें पदवी देणार कोण? कॉलेजनेंच दिली. ‘ग्रॅज्युएट ऑफ दि ग्रँट मेडिकल कॉलेज’, थोडक्यांत जी. जी. एम. सी. अशीं अक्षरें त्यांनीं नांवापुढें लावलीं. पुढच्या वर्षीं भाऊंचे धाकटे बंधु नारायण दाजी हेहि तेंच शिक्षण पुरें करून बाहेर पडले.

आतां पोटाचा प्रश्न आला. सरकारी नोकरी होती ती सब-असिस्टंट सर्जनची; वर बसलेल्या गोऱ्या डॉक्टराची विद्या याच्याएवढी असो वा कमी असो, हा कायमचा त्याच्या हाताखालीं. सनदी जागेची परीक्षा लंडनांत. तेथें जाण्यास पैसा हवा आणि जातींतून बाहेर पडण्याची तयारीहि हवी. ज्या मुलांस पांच वर्षें प्राध्यापकांनीं बरोबरीनें वागविलें, प्रेतापुढें ज्यांची चूक आणि साहेबाची चूक एकाच मापानें मोजली, त्यांना दारांतून बाहेर पडतांच हें माप बदललेलें दिसलें. कांहींनीं नोकरी धरली. भाऊ दाजी स्वतंत्र धंद्यांत पडले. लोक आपल्यावर विश्वास टाकतील या भरंवशावर त्यांनीं दुकान मांडलें म्हणा ना! लोकांनीं विश्वास टाकला. श्रीमंतांकडून मिळवावें आणि गरिबांस फुकट औषध द्यावें असा त्यांचा क्रम राहिला. महारोगावर कवठीच्या जातीच्या बियांच्या तेलाचा प्रयोग त्यांनीं पुष्कळ वर्षें चालविला. औषधाची कृति ते लवकर उघड करीनात म्हणून त्यांच्यावर टीकाहि झाली, आणि ती अगदींच अस्थानीं होती असें म्हणतां येत नाहीं. मोरहेडचा शिष्य नोंदी ठेवण्यांत पक्का होता, पण त्या जगापुढें मांडण्याच्या कामीं येथें कमी पडला. प्राचीन लेख व नाणीं यांच्या संशोधनांत त्यांनीं मिळविलेली कीर्ति सर्वश्रुतच आहे. १८६९ त आणि पुन्हां १८७१ त ते मुंबईचे शेरीफ झाले. १८७४ त वारले.

अनंत चंद्रोबांचें नांव आज फार थोड्यांस ठाऊक आहे, तें असावयास पाहिजे होतें. मुंबईंत देवीची लस प्रथम टोचली ती १८०२ च्या जून महिन्यांत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला; तिच्यापासूनच ती हिंदुस्थानभर गेली. पण पुढें साठ वर्षें ही लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशीच न्यावी लागे. आपल्या मुलाचा फोड फोडून दुसऱ्या जातीच्या मुलास द्यावयास आया तयार नसत, आणि त्यांत दुसरे रोग जाण्याचेंहि भय असे. १८६९ त अनंत चंद्रोबांनीं मुंबईंत वासरावर वाढविलेली ताजी लस टोचण्यास आरंभ केला. आत्माराम पांडुरंगांच्या घरीं १८६७ त प्रार्थनासमाजाची स्थापना झाली, आणि १८८३ त मुंबईंत निसर्गेतिहासाची सोसायटी काढणाऱ्या आठ जणांत जे दोनच हिंदी होते त्यांत ते एक होते. लिस्बोआ वनस्पतिशास्त्रांत शिरले. जिरॉड यांचा वनस्पतींचा तास वायां गेला नव्हता.

मुंबई विश्वविद्यालयाशीं कॉलेज १८६० त जोडलें गेलें, आणि १८६२ पासून एल. एम. ही रीतसर पदवी मिळूं लागली. जी. जी. एम. सी. हीं अक्षरें मागें पडलीं. १८७६ त विश्वविद्यालयाची पहिली एम. डी. पदवी मिळविणारे अण्णा मोरेश्वर कुंटे हे बी. ए. हि होते, त्यांनीं पुढें वाग्भटाचा अष्टांगहृदय हा ग्रंथ संपादून छापला. १८८३ त कॉलेजचीं दारें स्त्रियांना उघडलीं.

मॅक्लेनन यांची ती मराठी वैद्यकशाळा मात्र अजून एकदां वर आली. १८६१ त ग्रँट कॉलेजांतच मराठी आणि गुजराथी वर्ग सुरू झाले. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांस माणसें हवीं होतीं आणि इंग्रजी शिकलेला पदवीधर तेथें जावयास तयार नव्हता. या वर्गांवर शिकवावयास साहेब चालण्यासारखा नव्हता. सखाराम अर्जुनांसारखे कॉलेजचेच पदवीधर शिकवूं लागले, आणि शिकवावयाचें तर पुस्तकें हवींत म्हणून मराठींत वैद्यकाचीं पुस्तकें लिहूं लागले. धमनी, नीला, प्लीहा, यकृत हे शब्द सुश्रुत-वाग्भटांतून उचलून त्यांनीं पुन्हां चालते केले. पुण्यास १८७८ त वैद्यकशाळा निघाली. ज्या पोरांच्या वडिलांनीं कधीं इंग्रजी अक्षर पाहिलें नव्हतें, तीं तेथें बसून मराठींत शारीर शिकूं लागलीं.